बिलावर बदललेला फिल्टर: कार्ट्रिज ऑइल फिल्टरची शंभर वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

माझ्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी, झिप लावलेली एक प्लास्टिकची पिशवी आहे. आत काळाकुट्ट, घड्या चिकटलेला, एका बाजूने दबून आत गेलेला कागदाचा एक नळकांडा आहे. घरी आलेला प्रत्येक माणूस विचारतो, "हे काय ठेवलंयस?" आज त्याची गोष्ट सांगतो. आणि ती सांगता सांगता शंभर वर्षांचा इतिहासही सांगतो, कारण तो इतिहास कळेपर्यंत माझ्या बाबतीत नक्की काय झालं तेच मला समजलं नव्हतं.

दोन बिलं आणि एक शिक्का

२०२१ मध्ये मी सेकंड-हँड डिझेल हॅचबॅक घेतली. २०१३ चं मॉडेल, इंजिन १.३ लिटरचं मल्टिजेट. पुण्यात नोकरी, घर कराडला, त्यामुळे महिन्यातून दोनदा हायवे ठरलेला. मी बीटेक केलं ते कॉम्प्युटरमध्ये, इंजिनाशी संबंध फक्त चावी फिरवण्यापुरता. दर दहा हजार किलोमीटरला गाडी एका गॅरेजमध्ये द्यायची आणि संध्याकाळी बिल भरून आणायची, एवढंच. गॅरेजचं नाव सांगणार नाही, मुद्दा एका गॅरेजचा नाहीच. बिलावर ओळी स्वच्छ छापलेल्या असायच्या: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, लेबर. अशा दोन सर्व्हिस झाल्या, एक २०२१ ची, एक २०२२ ची.

२०२३ च्या दिवाळीत कराडला मामांच्या अंगणात गाडी उभी होती. मामांनी आयुष्यभर ट्रॅक्स चालवली, कराड-पाटण वडाप. गाडीचं ऑइल-पाणी कायम स्वतःच्या हाताने. मला म्हणाले, "आरं, एवढा इंजिनेर झालास आणि फिल्टर बदलायला दुसऱ्याला पैसे देतोस?" झालं. बाजारातून ऑइल आणलं, फिल्टर आणला, आणि बॉनेट उघडलं.

फिल्टरचं प्लास्टिकचं टोपण हलेना. मामांनी लांब पान्हा लावला, कट्ट आवाज झाला आणि ते सुटलं. आतून जे निघालं ते सध्या माझ्या टेबलावरच्या पिशवीत आहे. मी कापडाने पुसलं तर टोकाच्या चकतीवर बॅचचा शिक्का दिसला. साल २०१९.

गाडी मी घेतली २०२१ मध्ये. म्हणजे माझ्या दोन्ही बिलांवरचा फिल्टर फक्त बिलावरच बदलला होता. नवीन ऑइल दोन्ही वेळा त्याच जुन्या, तुंबलेल्या कागदातून फिरत होतं. मामा काही बोलले नाहीत. फिल्टर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "डब्याचा असता तर तुला बाहेरनंच कळलं असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. डब्याचा असता तर. मग ह्या गाडीला डब्याचा का नाही? कोणी ठरवलं? पुण्याला परत आल्यावर मी वाचायला बसलो.

फिल्टरच नव्हता तेव्हा

सुरुवातीच्या मोटारींना ऑइल फिल्टर नव्हताच. फोर्डची मॉडेल टी घ्या, १९०८ ते १९२७ या काळात बनलेली. तिच्यात ऑइलला पंपसुद्धा नव्हता. तळाशी ऑइल भरलेलं, फिरणारे भाग त्यात बुडून ते वर उडवायचे, थोडं ऑइल नळीतून गुरुत्वाकर्षणाने पुढे जायचं, बस. ऑइल घाण झालं की सोडायचं आणि नवं भरायचं. रस्ते धुळीचे, हवेला नीट गाळणी नाही, त्यामुळे हे काम सारखं करावं लागायचं.

ही कल्पना मागासलेली वाटते, पण ती बरीच टिकली. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये कागदी फिल्टर नव्हता, तळाशी फक्त तारेची जाळी होती, म्हणून तिचं ऑइल पाच हजार किलोमीटरला बदलायला सांगायचे. आणि लांब कशाला जायचं? आपल्या घराघरातली हिरो होंडा स्प्लेंडर. तिच्यातही कागदी फिल्टर नाही. एक जाळी, आणि क्रँकवर फिरणारी एक वाटी. वाटी जोरात फिरली की जड कण बाहेरच्या कडेला चिकटून बसतात, ताक घुसळताना लोणी वेगळं होतं तसं. छोट्या इंजिनाला, वेळेवर ऑइल बदललं तर, एवढं पुरतं.

मोठं, दाबाखाली ऑइल फिरवणारं इंजिन मात्र वेगळं. तिथे पंप ऑइलला बारीक वाटांतून बेअरिंगपर्यंत ढकलतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो, तो काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक कण त्या थरात अडकून धातू खरवडू शकतो. जाळीला तो कण दिसतही नाही.

१९२३: आधी शुद्ध ऑइल, मग पुढचं

१९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग या दोघांनी मोटारीच्या ऑइलसाठी फिल्टर आणला. स्वीटलँड हा मोटारीचा माणूस नव्हता, गाळण्याचा माणूस होता. कारखान्यांत द्रव गाळायचे त्याच्या नावाचे फिल्टर प्रेस होते. एका धंद्यातली गाळणी त्याने दुसऱ्या धंद्यात नेली. फिल्टरला नाव दिलं प्युरोलेटर. 'प्युअर ऑइल लेटर' या तीन शब्दांची ती संधी. पुढे सगळी कंपनी त्याच नावाने ओळखली गेली.

पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, वॉल्टर क्रायस्लरची पहिली सहा सिलिंडरची गाडी आली. तिच्यात ऑइल फिल्टर आणि एअर क्लीनर हे दोन्ही कंपनीतूनच बसवलेले होते. तेव्हा ही चैनीची गोष्ट होती, आज ती जाहिरातीतही कोणी सांगत नाही.

पण एक खोच होती. हे सुरुवातीचे फिल्टर 'बायपास' पद्धतीचे होते. पंपातून निघालेल्या ऑइलचा छोटासा हिस्सा बाजूच्या वाटेने फिल्टरमधून जायचा आणि तळाशी परत यायचा. बाकीचं सगळं ऑइल न गाळताच बेअरिंगला. विहिरीतलं पाणी पीत राहायचं आणि शेजारी एक माठ लावून थोडं थोडं गाळून परत विहिरीत ओतायचं, असा तो प्रकार. हळूहळू विहीर स्वच्छ होते, पण आत्ता पेल्यात आलेल्या पाण्याची खात्री नाही.

१९३० च्या दशकात आणखी एक गोष्ट घडली. कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटून बसायला लागल्या. उपाय म्हणून ऑइलमध्ये साबणासारखे पदार्थ घालायला सुरुवात झाली, त्यालाच डिटर्जंट ऑइल म्हणतात. आता काजळी तळाशी गाळ होऊन बसत नव्हती, ऑइलमध्येच तरंगत फिरत होती. इंजिनाच्या भिंती स्वच्छ राहायला लागल्या, पण घाण सतत प्रवासात. म्हणजे ती अडवायला कोणीतरी मुख्य वाटेवरच उभं पाहिजे.

१९४० च्या दशकात मग 'फुल-फ्लो' फिल्टर रुळायला लागला. पंपातून निघालेलं सगळं ऑइल आधी फिल्टरमध्ये, मग बेअरिंगला. त्यासाठी कापूस-चिंध्यांच्या गाळण्यांऐवजी राळेने कडक केलेला, घड्या घातलेला कागद आला. घड्या का? कारण लहान डब्यात जास्त कागद मावतो, आणि कागद जास्त तर ऑइलला अडथळा कमी.

फुल-फ्लोला एक भीती होती: फिल्टर तुंबला तर इंजिन उपाशी मरेल. म्हणून स्प्रिंगची एक झडप दिली, बायपास व्हॉल्व्ह. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि ऑइल न गाळता पुढे सोडते. घाण ऑइल हे ऑइल नसण्यापेक्षा बरं, एवढाच त्यामागचा विचार.

माझ्या गाडीत हेच झालं असणार. तो तुंबलेला कागद असूनही इंजिन बंद पडलं नाही, लाल दिवा लागला नाही, कारण झडप आपलं काम इमानाने करत होती. मी हजारो किलोमीटर न गाळलेल्या ऑइलवर गाडी पळवली आणि मला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

वाटी, बोल्ट आणि सुईने काढायची रिंग

आता लक्ष द्या, कारण कार्ट्रिजची खरी गोष्ट इथून सुरू होते. त्या काळचा फुल-फ्लो फिल्टर म्हणजे कार्ट्रिजच होता. लोखंडी वाटी, मधून एक लांब बोल्ट, आत कागदाचा किंवा फेल्टचा एलिमेंट. ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज इंजिनात हीच रचना होती, आणि आपल्या अँबॅसिडरचं इंजिन याच कुळातलं. बुलेटच्या जुन्या बिडाच्या इंजिनातसुद्धा फेल्टचा एलिमेंट टायमिंगच्या बाजूच्या खोबणीत बसायचा.

हे बदलणं वैतागाचं काम होतं. बोल्ट सोडला की वाटीतलं काळं ऑइल कोपरापर्यंत ओघळायचं. वाटी रॉकेलने धुवायची. वर खोबणीत बसलेली जुनी रबरी रिंग सुईने टोकरून काढायची. ती काढायची राहिली आणि नवीन तिच्यावरच बसवली, तर गळती ठरलेली. स्प्रिंग, वायसर, चकती यांचा क्रम चुकला, तर ऑइल एलिमेंटला वळसा घालून जाणार. म्हणजे नवा फिल्टर घालूनही न घातल्यासारखं.

१९५४ मध्ये यावर उत्तर आलं, आणि त्याचं श्रेय सहसा विक्स या कंपनीला दिलं जातं. नॉर्थ कॅरोलायनातल्या गॅस्टोनिया गावात १९३९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी. उत्तर होतं 'स्पिन-ऑन', म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत डबा फिल्टर. कागद, झडप, स्प्रिंग, रबर, सगळं एका पत्र्याच्या डब्यात कायमचं बंद. जुना डबा फिरवून काढा, फेका, नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लावा, हाताने फिरवून बसवा. धुणं नाही, क्रम नाही, सुई नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, आधी प्रत्येक मेकॅनिक सुटे भाग जुळवून स्वतः बिल्ड करत होता. स्पिन-ऑनने तयार पॅकेज हातात दिलं. चुका करायची जागाच कमी केली. शिवाय एक फायदा असा, जो बहुधा कोणी ठरवून दिला नव्हता: डबा बाहेर असतो. नवा डबा रंगाने चकचकतो, जुना धुळीने माखलेला असतो. गाडीखाली वाकलं की कोणालाही कळतं. मामा म्हणत होते ते हेच.

मग परत कागदाकडे का?

साधारण १९९० च्या दशकात युरोपातल्या, आणि मग आशियातल्या गाड्या पुन्हा कार्ट्रिजकडे वळायला लागल्या. अमेरिकन कंपन्याही मागून आल्या. मुख्य कारण कचरा.

वापरलेला डबा म्हणजे पोलाद, कागद, रबर आणि काळं ऑइल यांचं एक न सुटणारं गाठोडं. उलटा करून ठेवला तरी सगळं ऑइल निघत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा सल्ला आहे की डबा गरम असतानाच भोक पाडून किमान १२ तास निथळत ठेवावा. एवढं कोण करतं? उलट एलिमेंटमध्ये फक्त कागद, थोडं प्लास्टिक आणि रबर. घर कायम इंजिनावर राहतं, बदलायचा तो आतला भाडेकरू. पत्रा नाही, त्यामुळे एलिमेंट जाळून विल्हेवाट लावता येते. युरोपीय संघाने २००० मध्ये भंगार गाड्यांबद्दलचा कायदा केला, २०१५ पर्यंत गाडीच्या वजनाचा ९५ टक्के भाग पुन्हा उपयोगात यावा असं ठरवलं. तो कायदा फिल्टरपुरता नव्हता, पण वारं कुठल्या दिशेने वाहत होतं ते त्यातून कळतं.

दुसरं कारण जागेचं. फिल्टरचं घर, ऑइल कूलर, वाहिन्या हे सगळं एकाच साच्यात ओतून इंजिनाच्या वरच्या बाजूला आणता आलं. गाडीखाली न झोपता, बॉनेट उघडून काम होतं.

जर्मनीत मात्र ही कल्पना पूर्ण गेलीच नव्हती. मर्सिडीजच्या ओएम ६१६ डिझेल इंजिनात फिल्टरचं घर उभं, वर झाकण, झाकणावर दोन नट. झाकण काढलं की एलिमेंट सरळ वर येतो. त्या एकाच एलिमेंटमध्ये फुल-फ्लो आणि बायपास असे दोन्ही भाग. आणि हेच इंजिन परवान्याखाली कुठे बनलं? आपल्या पुण्याजवळ, आकुर्डीच्या बजाज टेम्पोत. ते ट्रॅक्समध्ये आलं. म्हणजे मामा तीस वर्षं ज्याला "आमचा साधा कागदी फिल्टर" म्हणत होते, तो माझ्या 'आधुनिक' फिल्टरचा थोरला चुलता होता. हे त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मंग? मी काय येगळं सांगत होतो?"

रांजणगावचं इंजिन

माझ्या गाडीचं १.३ मल्टिजेट इंजिन २००३ मध्ये फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतून आलं. भारतात ते मारुती, टाटा, फियाट अशा इतक्या गाड्यांत बसलं की वाहनपत्रकार त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, आणि फियाट-टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात, म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि भारतातल्या गाड्यांमधून ते इंजिन निघून गेलं. पण रस्त्यावर अजून भरपूर आहेत, म्हणून हे सांगतोय.

या इंजिनात टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे, आणि तिला इंजिनाचंच ऑइल मिळतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. म्हणजे ऑइल घाण राहिलं तर सगळ्यात आधी ज्यांना झळ पोचते, ते सगळ्यात महाग भाग. कंपनीने कागदी एलिमेंट दिला तो युरोपच्या विचारातून. तिथल्या गॅरेजमध्ये टोपणाचं योग्य सॉकेट आणि टॉर्क रेंच भिंतीवर टांगलेलं असेल, हे त्यात गृहीत धरलं होतं. आपल्याकडे एलिमेंट आला, ते गृहीतक आलंच असं नाही.

निवडताना आणि बसवताना

आता माझी चूक सांगतो. नवीन एलिमेंट बसवला, टोपण लावलं, गाडी चालू केली, आणि मिनिटाभरात मामांच्या अंगणातल्या फरशीवर ऑइलचं तळं. टोपणाला एकाहून जास्त खोबण्या होत्या आणि मी ओ-रिंग चुकीच्या खोबणीत बसवली होती. काम अवघड नाहीये, पण ते तुमच्याकडून लक्ष मागतं. तेव्हापासून मी ज्या क्रमाने करतो तो असा.

आधी निवड. इंजिनाचं नाव सारखं म्हणून फिल्टर सारखा, असं धरू नका. एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या सालांत घराचा पुरवठादार बदलतो आणि एलिमेंटही. गाडीच्या पुस्तकातला किंवा सुट्या भागांच्या यादीतला नंबर घ्या आणि जुना-नवा शेजारी ठेवून तीन गोष्टी बघा: उंची, बाहेरचा व्यास, आणि दोन्ही टोकांच्या भोकांचा आकार. उंची दोन मिलिमीटरने कमी असली तरी एलिमेंट टोकाला दाबून बसत नाही आणि ऑइल कडेने निसटतं. बाहेरून मात्र सगळं व्यवस्थित दिसतं. पाकिटात नवी ओ-रिंग आहे का, तेही बघा. नसेल तर ते पाकीट परत द्या. कागद साधा असतो किंवा कृत्रिम धाग्यांचा. जास्त अंतराला ऑइल बदलणाऱ्यांना दुसरा बरा, पण चुकीच्या मापाच्या भारी फिल्टरपेक्षा बरोबर मापाचा साधा फिल्टर कधीही चांगला. 'किती मायक्रॉन' हा आकडा एकटा काही सांगत नाही. त्या मापाचे शंभरातले किती कण अडवतो, ते महत्त्वाचं, आणि त्यासाठी आयएसओ ४५४८ ही चाचणी आहे.

मग बसवणं. इंजिन कोमट असावं, चटका बसेल इतकं गरम नको. घर उभं असेल तर आधी वरचं टोपण दोन-तीन फेरे सैल करा, थोडं थांबा, घरातलं ऑइल खाली उतरू द्या, आणि मग खालचा ड्रेन बोल्ट काढा. टोपणाला योग्य मापाचं सॉकेटच लावा. पाइप पान्ह्याने प्लास्टिकच्या कडा जातात, आणि पुढच्या माणसाला ते उघडताच येत नाही. एलिमेंट कुठल्या दिशेने बाहेर आला ते बघून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा, लाज वाटू देऊ नका. काही मोटारसायकलींमध्ये एलिमेंटचं एक टोक बंद असतं, तो उलटा बसला तर ऑइलची वाटच बंद होते.

जुनी ओ-रिंग स्क्रू ड्रायव्हरने नाही, लाकडी काडीने काढा, खोबणीला ओरखडा गेला की कायमची गळती. नव्या रिंगला ताजं ऑइल लावा, बरोबर खोबणीत, पीळ न पडता बसवा. एलिमेंट टोपणात 'टक' बसतो, मग टोपण हाताने फिरवत न्या. आटे वाकडे धरले तर लगेच जड लागतं, तिथेच थांबा. शेवटी टॉर्क रेंच. बऱ्याच टोपणांवर आकडा छापलेलाच असतो, पुष्कळदा २५ न्यूटन-मीटर. हा आकडा मनगटाला वाटतो त्यापेक्षा कमी असतो.

ऑइल भरा, गाडी चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत गेला पाहिजे. टॉर्च लावून टोपणाभोवती बघा. बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग गेजची काडी बघा. आणि जळकं ऑइल गटारात नको. आपल्याकडच्या २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात येतं, गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

पिशवी घेऊन

दिवाळीनंतर मी ती पिशवी घेऊन त्या गॅरेजमध्ये गेलो. रागात होतो, खोटं कशाला बोलू. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही बिलं बघितली, पिशवी बघितली, आणि म्हणाला, "सिस्टिममध्ये तर चेंज्ड दाखवतंय सर." मी रोज ज्या प्रकारच्या सिस्टिम लिहितो, तीच. कोणीतरी टिक मारली की ती हिरवी होते. खरंच झालं का, हे ती विचारत नाही.

बाहेर आलो तर मागून एक पोरगा आला, विशीतला, हात काळे. हळूच म्हणाला, "सर, त्याचं सॉकेट हरवलंय कधीचं. टोपण फुटलं तर पैसे आमच्या पगारातनं. आणि एका गाडीला चाळीस मिनिटं देतात." एवढं बोलून आत गेला.

माझा राग गेला नाही, पण तो कोणावर काढायचा ते समजेना. फिल्टरच्या दोन्ही वेळच्या किमती त्यांनी नंतर परत केल्या. त्यांनी माझ्या इंजिनाची जी झीज केली असेल, तिची किंमत मला माहीत नाही. जुना एलिमेंट मी ब्लेडने उघडून पांढऱ्या कागदावर पसरला होता, त्याच्या घड्यांमध्ये बारीक चमकणारे कण होते. दोन हजार किलोमीटरनंतर नवा एलिमेंट काढून तसाच पसरला. कण होते, पण बरेच कमी. गाडी चालू आहे. घाटात टर्बोचा आवाज मी अजून कान देऊन ऐकतो.

शंभर वर्षांत या वस्तूने एक पूर्ण फेरी मारली. आधी उघडा एलिमेंट, सगळी भिस्त बदलणाऱ्याच्या हातावर. मग बंद डबा, भिस्त कारखान्यावर. मग कचऱ्याच्या प्रश्नाने परत उघडा एलिमेंट, आणि भिस्त पुन्हा त्या हातावर. मला हा बदल चुकीचा वाटत नाही, पत्र्याचे डबे उकिरड्यावर टाकण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण भिस्त हातावर टाकायची असेल, तर त्या हाताला सॉकेट, टॉर्क रेंच आणि पुरेसा वेळ द्यावा लागतो. ते न देता फक्त भिस्त टाकली, तर नवा फिल्टर कागदावरच राहतो.

तर मंडळी, एक छोटं काम. पुढच्या सर्व्हिसला गाडी देताना एवढंच म्हणा: "जुना फिल्टर मला परत द्या." भांडायचं नाही, संशयही घ्यायचा नाही, फक्त मागायचा. आणि जमलं तर जो पोरगा तो काढणार आहे त्याला विचारा, सॉकेट आहे का. नसेल तर मी आता करतो तेच करा. माझं सॉकेट डिकीत असतं, गाडीबरोबर तेही देतो.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि गेजची काडी बघत जा.